मामाचा जबाब

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींना मी एकदा बोलून बसले, "शोधू की, त्यात काय!" तिथून माझे सगळे रविवार गेले. कोणी सांगितलं होतं बोलायला?

आजी ब्याऐंशीच्या, पक्क्या इंग्लिश. पण त्यांच्या घरात एक गोष्ट चालत आली होती. त्यांच्या आजीची आजी अमेरिकेत, मिसिसिपीकडच्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांत जन्मली. बाप स्कॉटिश व्यापारी, आई चॉक्टॉ. सरकारने चॉक्टॉंना त्यांच्या जमिनीवरून पश्चिमेला हाकललं, त्या धामधुमीत बापाने या मुलीला आपल्या बहिणीकडे स्कॉटलंडला धाडलं. आई आणि भावंडं तिकडेच राहिली. आजींना त्या आईचं नाव हवं होतं. त्यांचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "तेवढं कळलं की बास," त्या म्हणायच्या.

आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचे आणि रविवारी लॅपटॉपवर जुन्या कागदांचे फोटो. शिरगणतीत व्यापाऱ्याचं आडनाव सापडलं. पुढे बायको एक, मुलं पाच. नुसते आकडे. मग मी त्या आडनावाचे सगळे कागद उपसले, त्याचे भाऊ, पुतणे, चुलते. बायकांची नावं कुठेच नाहीत. डोळे चुरचुरायचे, स्वयंपाकाचा कंटाळा यायचा आणि नवऱ्यावर मी उगाच खेकसायचे.

एका रविवारी नवरा माझ्या बाजूला येऊन बसला.

"अगं, हे एक डॉक्युमेंट तू पहिल्याच वीकमध्ये सेव्ह केलंयस. हे काय आहे?"

"ते वेगळ्या फॅमिलीचं आहे रे. मुलांच्या मामाचं."

बोलता बोलताच मी तो कागद उघडला. चॉक्टॉंमध्ये मूल आईच्या कुळाचं. मुलांचं बघणारा मामा. बाप कितीही पैसेवाला असला तरी त्या कुळाबाहेरचा. हे मी चार ठिकाणी वाचलं होतं, मान डोलावली होती, आणि तरीही आमच्याकडच्या कुलवृत्तांतासारखी बापाच्या आडनावामागे धावत सुटले होते. मामा म्हणजे दुसरं घराणं, म्हणून तो कागद मी पुरता न वाचताच बाजूला सारला होता.

जमिनीच्या दाव्यात त्या मामाने जबाब दिला होता, ही माझ्या बहिणीची मुलं. पुढे बहिणीचं नाव, स्वच्छ अक्षरात. पाच महिने ते माझ्याकडेच पडून होतं. स्वतःचा इतका राग आला की रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी आजींकडे गेले. शोध सुरू केला तेव्हा आजी स्वतः चहा करून द्यायच्या. आता त्यांना उशीला टेकवून बसवावं लागत होतं. मी नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. त्यांनी ते तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा जरा चुकीचं. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आणि तुझ्या आईच्या आईची आई? तिचं काय नाव?"

पणजीचं सासरचं नाव मला ठाऊक होतं. ते लग्नात ठेवलेलं. त्याआधी तिचे आईवडील तिला काय म्हणून हाक मारायचे, ते मी कधी विचारलंच नाही. आणि आता सांगायला आईही नाही.