बरं झालं, इथंच चुकलं

"चुकलं का? बरं झालं, इथंच चुकलं!"

हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरायचं. कारण त्याचा सरळ अर्थ असा, की भरत आलेला ट्रक आता उभा राहणार, ड्रायव्हर माझ्या नावानं बोटं मोडणार आणि शेठ मला आत बोलावून झाडणार. सुप्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता, तयार खोल्यांचा. भिंती, छत सगळं साच्यात ओतायचं, ट्रकनं गावाला न्यायचं आणि तिथं बोल्ट आवळून खोली उभी करायची. शाळेचे वर्ग, दवाखाने, काहीही. नव्वदीच्या दशकात लोक ते तोंडात बोट घालून बघायचे. माल पाठवायचं काम माझं, आणि तो अडवायचं काम आमच्या मॅडमचं.

मॅडम तिसगावच्या, प्राथमिक शिक्षकाची मुलगी. सिव्हिलचा डिप्लोमा करून तपासणीवर लागल्या. नगरला खोली घेतलेली, रोज एसटीनं ये-जा. अंगानं काडी. हातात कायम एक छोटी हातोडी, आणि दिसेल त्यावर टकटक. आवाज खणखणीत आला तर पुढं, बद्द आला की ते ठरलेलं वाक्य. माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आल्या, तर प्रसाद हातात घ्यायच्या आधी भिंतीवर टकटक! म्हणाल्या, "घर छान आहे हो. पण गवंडी पुन्हा हाच नका घेऊ." माझी बायको आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. गवंडी तिचा मामेभाऊ होता.

त्यांनी एक पद्धत पाडली. खोली ट्रकात चढवायच्या आधी कारखान्याच्या आवारात पुरती उभी करायची, आणि ज्यांनी ती केली त्यांनी त्या दिवशी आतच बसून जेवायचं. "पोरं वर्षानुवर्षं या छताखाली बसणार. आपण एक जेवण तरी बसू या की," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी दोघातिघांनी डबे घेऊन भिंतीकडं तोंडं केली. मॅडम बौद्ध. कारण कोणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. मॅडमच्या ध्यानात आलं नाही असं कसं होईल? त्यांनी आपला डबा सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "मेथीची भाजी आहे. पाहिजे त्यानं लाजायचं नाही, नको त्यानं राहू द्या." कोणी हलेना. मग आमचा सगळ्यांत जुना मिस्त्री, नाना, पुढं सरकला. एक घास खाऊन म्हणाला, "मीठ कमी हाय," आणि आणखी घेतली. मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पुढं महिन्याभरात भिंतीकडं तोंड करून बसणारं कोणी उरलं नाही.

पण त्यांची खरी करामत वेगळीच. त्या यायच्या आधी आमच्याकडं चूक झाली की ती लपवायची रीत होती. कोपरा तुटला, मार सिमेंटचा लेप. दिवसाची मजुरी कापली जाईल, शिव्या बसतील, या भीतीनं भले भले मिस्त्री लेप मारायचे. मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आपण होऊन सांगाल त्याचं नाव माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. शेठ विचारू देत नाहीतर आणि कोणी." पहिले काही दिवस कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकानं भीत भीत सांगितलं. नाव खरंच कुठं फुटलं नाही. मग काय, रोज कोणीतरी येऊन त्यांच्या कानाला लागायचा. माझे ट्रक उभे राहायचे ते यापायी. मी चिडायचो, वाद घालायचो. पण खरं सांगतो, या बाईचा मला मनातून अभिमान वाटायचा.

एकदा सोनईकडच्या एका शाळेची खोली जायची होती. दुसऱ्या दिवशी कोणा पुढाऱ्याच्या हस्ते तिचं भूमिपूजन आणि उद्घाटन एकदमच, अशी सगळी घाई. खोली उभी राहिली, मॅडमनी टकटक केली, पास केली. आम्ही आत बसून जेवलो. नाना तेवढा बाहेर बसला. "पोट बरं न्हाई," म्हणाला. आम्ही त्याची टिंगल केली. दुपारी खोली उकलून ट्रक भरले, दोऱ्या आवळल्या. मी अगदी गेट उघडायला सांगत होतो, तेवढ्यात मॅडम पळत आल्या.

"थांबवा. छताच्या एका तुकड्याचं बोल्टाचं भोक जुळत नव्हतं. छिन्नीनं वाढवून वरून लेप मारलाय. त्याला आत चीर गेलीय."

"अहो, पण तुम्हीच पास केलंय!"

"माझ्या नजरेतून सुटलं. बरं झालं, इथंच..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. माझं तोंड बघूनच गप्प झाल्या असतील.

गलका ऐकून शेठ बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, पण शब्द दिलेला, उद्या पुढारी येणार, नाक कापलं जाणार. त्यांचा तोल गेला. "कोणी केलं हे? नाव सांगा!"

"छत बदलू. मी थांबते, उद्या स्वतः बरोबर जाते. नाव नाही सांगणार."

"नाव सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मॅडमचा पगार तिसगावच्या घराला लागत होता, धाकट्या भावाचं शिक्षण त्यावर चाललं होतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी हळूच म्हणालो, "मॅडम, सांगून टाका ना. कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?"

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज नाव सांगितलं तर उद्या मला कोण सांगेल? आणि मला नाही कळलं तर ते छत कोणाच्या डोक्यावर बसेल?" मग शेठकडं वळल्या. "छत तेवढं बदला, शेठ. बाकी तुमची मर्जी." हातोडी माझ्या टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि गेटातून चालत्या झाल्या.

त्या दिसेनाशा झाल्या आणि नाना पुढं आला. डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली.

"शेठ, ते म्या केलंय."

शेठ त्याच्याकडं वळले. "मग मघाशी का नाही बोललास?"

"जीभच उचलंना. आता वय झालं, भोक चुकलं हे सांगायची लाज वाटली, म्हून लेप मारला. पर त्या छताखाली घास उतरंना, म्हून बाईला सांगितलं." नानाचे डोळे भरून आले. "त्यांनी माजं नाव घेतलं असतं ना शेठ, तर मी आईची आन घिऊन न्हाई म्हनलो असतो. त्यांनी घेतलं न्हाई, म्हून सांगतो."

शेठ ट्रककडं हात करून म्हणाले, "उतरवा ते छत." आणि माझ्यावर ओरडले, "बघतोस काय? जा, त्यांना घेऊन ये!"

शेठनी पुढंही दोनदा निरोप धाडला. तोवर मॅडमना नाशिककडं नोकरी लागली होती, त्या काही परत आल्या नाहीत. नाना त्यानंतरही बरीच वर्षं आमच्यात होता आणि कोणाचं चुकलं तर त्याला स्वतः शेठपुढं घेऊन जायचा. शेठ एकदाही कोणाला नावं ठेवताना मी पाहिले नाहीत.

त्या दिवशी मात्र मी वॉचमनची सायकल घेतली आणि जीव खाऊन फाट्याकडं मारली. पोचलो तर नगरची एसटी नुकतीच सुटलेली. मागच्या खिडकीत मॅडम बसलेल्या. मी सायकल टाकून रस्त्यात धावलो, दोन्ही हात वर करून "थांबा, थांबा" म्हणून हलवत राहिलो. त्यांना वाटलं, मी निरोप द्यायला आलोय. त्या हसल्या, खिडकीतून हात बाहेर काढला आणि एसटी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिल्या.