मेघाच्या बैलांचा पोळा

सावनेरकडच्या मेघाच्या घरी एक गंमत रोज घडायची. बैलांना घातलेली अख्खी ज्वारी शेणातून बरीचशी तशीच बाहेर पडायची आणि कोंबड्या ती टिपायच्या. "बैलायच्या नावावर कोंबड्याच पोसून राहिलो मी," असं म्हणून तिचे वडील मारोतराव हसायचे. मेघाला मात्र हसू यायचं नाही. मग बैलाच्या अंगी लागतं तरी किती?

पोरगी हट्टी. हाच प्रश्न घेऊन ती नागपुरात संशोधनाला आली. भरडली तर ज्वारी किती पचते हे बघायचं होतं: चार बैलांना भरडलेली ज्वारी आणि चारा तोलून घालायचा आणि सात दिवस, दिवस-रात्र, पडेल तेवढं शेण उचलून तोलायचं. मग खाऊ घातलेल्याचा नमुनाही यंत्रात जाळायचा, वाळवलेल्या शेणाचाही. दोन्हींच्या उष्णतेतला फरक म्हणजे बैलाला पचलेली ऊर्जा. ऐकायला सोपं आहे. करणाऱ्याच्या नाकाला विचारा.

सहाव्या दिवशी पोळा आला. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर होती. मारोतरावांनी गेल्याच साली आपली जोडी विकून ट्रॅक्टर घेतला होता. सुनं सुनं वाटलं म्हणून डबा घेऊन ते लेकीच्या गोठ्यावर आले. मेघा दोन घास खाऊन परतली, तर चारही बैलांच्या कपाळी कुंकू आणि त्यांतला चांद्या ओठ चाटतोय!

"बाबा, काय देलं यायले?"

"पुरणपोळी. एकेकाले दोन-दोन. पोळ्याच्या दिवशी एकाले देऊन दुसऱ्याले तसंच ठेवतं का कोणी?"

मेघाने नोंदवही मिटली. आता शेणात न तोललेली पोळीही आली. सहा दिवसांची मेहनत मातीत गेली होती.

"आठ पोळ्यायनं काय होते वं?" तिच्यासोबत काम करणारी प्रीती म्हणाली. "कोणाले समजते?"

"माह्या आकड्यावर लोक खुराक ठरवतीन. आकडाच खोटा असला तं? पुन्हा कोंबड्याच पोसाच्या का त्यायनं?"

मेघाला भयंकर राग आला होता, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस रिकामा डबा छातीशी धरून उभा होता. "सत्यानाश केला मी तुह्या कामाचा," मारोतराव पुटपुटले. तिने सारं तोललेलं शेण उकिरड्यावर नेऊन ओतलं आणि बैलांच्या गव्हाणी धुवायला घेतल्या.

पुन्हा पहिल्यापासून. आधी बैलांची पोटं ताळ्यावर आणली, मग पुन्हा सात दिवस. प्रबंधाची तारीख हुकली, पदवी पुढच्या सत्रावर गेली. मारोतराव रोज फोनवर बैलांची चौकशी करत. लेकीची करायची हिंमत त्यांना होत नव्हती.

शेवटचं शेण तोलून झालं तसा मेघाने स्वतःहून फोन लावला.

"बाबा, झालं माहं. आता आणा पुरणपोळ्या."

"पोळा होऊन महिना झाला वं," मारोतराव म्हणाले.

"बैलायले कोण सांगून राहिलं? या तुम्ही."