दिब्ब्याच्या बाईची हाक

माझ्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. तो म्हणतो ते माझ्यामुळे. सांगते.

अल हैलला आमच्या शेजारी एक ओमानी म्हातारी राहते. तिचं हिंदी मोडकं, माझं अरबी त्याहून मोडकं, पण दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर कॉफी नि खजूर घेऊन बसलो की काही अडत नाही. तिनेच मला सांगितलं, ह्या देशात इस्लाम तलवारीने नाही, पत्राने आला. प्रेषितांचं पत्र आलं, इथे राज्य करणाऱ्या दोघा भावांनी विचार केला आणि हो म्हणाले.

"मग लढाई झालीच नाही?"

"झाली ना. आपसात झाली."

प्रेषित गेल्यानंतरची गोष्ट. उत्तरेला समुद्राकाठी दिब्बा आहे, तिथे जकातीचं, म्हणजे धर्माने द्यायच्या वाट्याचं, जनावर घ्यायला माणूस आला. एका बाईकडून घ्यायची होती एक बकरी, त्याने ओढली दुसरीच. हुज्जत झाली, आणि बाईने आपल्या टोळीच्या नावाने हाक मारली. टोळी धावली. मग फौज आली. कापाकापी झाली, उरलेल्यांना बांधून मदिनेला नेलं. "लोक वेगवेगळं सांगतात," म्हातारी म्हणाली, "पण माझ्या आजीने हे असं सांगितलं."

मी म्हटलं, एका बकरीपायी? म्हातारी हसली नाही.

मग आली बकरी ईद. आमच्या गावचे दोन मोहल्ले, वरचा नि खालचा, रत्नागिरीत एकमेकांकडे पाणी पीत नाहीत, पण इथे कुर्बानी आमच्याच अंगणात, एकत्र. खालच्या मोहल्ल्यातला माझा लांबच्या नात्यातला पुतण्या बोकड घेऊन आला होता. बोकडाला दोन मोठे दात आलेले हवेत, नाहीतर कुर्बानी होत नाही. आदल्या दिवशी त्याच्या तोंडात बोट घालून मीच पाहिलं होतं. चष्मा घरात राहिलेला. म्हटलं, "आहेत हो, दोन आहेत."

सकाळी मुलाने बोकडाचा जबडा उघडला. सगळे दुधाचे दात.

"ह्याला बोकड म्हणतोस? खालच्यांची जातच फसवी!"

"तोंड सांभाळ! चाचीने बघितलाय."

"माझ्या मांला मध्ये आणतोस?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलाने त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्ताची धार फरशीवर आली. पुतण्याने त्याचं डोकं धरून भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. आणि मग त्याने कुर्बानीची सुरी उचलली, कालच धार लावून आणलेली. मुलाने पातंच मुठीत धरलं. पुतण्याने ते खेचलं.

फाटकाबाहेर दोन्ही मोहल्ल्यांचे वीसेक पुरुष वाट बघत होते. ईदचा दिवस, प्रत्येकाच्या हातात सुरी. हाक माझ्या ओठावर आली होती. धावा रे, वरच्या मोहल्ल्याचे! आईच्या तोंडून दुसरं काय येणार? आणि नेमकी तीच दिब्ब्याची बाई डोळ्यांपुढे उभी राहिली.

मी तोंडात पदर कोंबला. दोघांच्या मध्ये जाऊन पडले. पदर थुंकून पुतण्याचं मनगट दातांनी धरलं, माणसाच्या मांसात दात रुततात तेव्हा कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याच्या कोपराने माझी बरगडी मोडली. सुरी पडली तेव्हा मी तिच्यावर बसले आणि म्हटलं, "दात मी बघितले रे. मीच चुकले."

बोकड कोपऱ्यात उभा राहून कडबा खात होता.

हॉस्पिटलात मुलगा म्हणाला, "मां, आधी हाक का नाही मारलीस? आपली माणसं दारात होती. हात वाचला असता."

"दारात होती म्हणूनच."

"दुसऱ्यांची पोरं वाचवलीस तू."

बाहेरच्यांना आम्ही सांगितलं, बोकड उधळला, सुरी लागली. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही.

एसी दुरुस्तीचं काम त्याच्याने आता होत नाही, कंपनीने स्टोअरमध्ये बसवलंय. डाळभातसुद्धा चमच्याने खातो. मी ताट वाढते, तो चमचा मागतो, मां म्हणत नाही. नुसतं म्हणतो, "चमचा."