शेपटीखालचे खवले

वाळूजच्या कारखान्यात मी एकदा पाइपमधला साप काढला आणि तेव्हापासून आमच्या सासरवाडीनं मला सापांचा तलाठी नेमलं. फुलंब्रीच्या पलीकडं कुठं गांडूळ जरी वळवळलं तरी आधी फोटो मला येतो. फोटोत सापाशिवाय सगळं असतं. काठी, चपला, बघ्यांची साठ-सत्तर पावलं आणि कोपऱ्यात काळा फराटा. खाली प्रश्न, "दाजी, इषारी का?"

त्या दिवशी सकाळी मेव्हण्याचा फोटो आला, तो असाच. पाठोपाठ फोन.

"दाजी, कांद्याच्या चाळीत बाबांच्या अंगठ्याला चावला. पांढरे पट्टे हायेत, मण्यारच. मारलाय त्याला."

मण्यार चावली की सूज नाही, दुखणं नाही, माणूस गप्पा मारता मारता जातो. आणि तिच्यासारखाच पट्ट्यांचा कवड्या साप, बिनविषारी. दोघांतला फरक त्या फोटोत शोधणं म्हणजे धुरळ्यात सुई बघणं.

"आधी दवाखाना गाठा, आणि मेलेल्या सापाला हात लावू नका. मी येऊन बघतो," असं मी तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा तर इतक्या जोरात, की खुलताबादच्या डोंगरावरची माकडं खाली उतरली असतील.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर मेव्हण्याला म्हणाले, "लक्षणं बघूनच ठरवू, पण साप नक्की कळला तर बरं." म्हणून मी दवाखान्याऐवजी गाडी गावाकडं पिटाळली.

चाळीमागं धूर निघत होता. सासूबाई गोवऱ्यांवर चमच्यानं तूप सोडत होत्या.

"मामी, हात लावू नका म्हणलं होतं ना?"

"हात कुठं लावला? चिमट्यानं ठिवला," सासूबाई म्हणाल्या. "तोंडात तांब्याचा पैसा घातला. मारल्याला जीव तसाच टाकीत नसतेत, जावईबापू. डूख धरतो."

सापाचं डोकं जळून गेलं होतं. मानेपासून पट्टे सुरू होतात का, पाठीच्या मधल्या रांगेत मोठे षटकोनी खवले आहेत का, जे जे बघायचं ते सगळं तुपात तळून निघालं होतं. चितेपुढं बसून रडावं वाटलं. आमच्या मामांसाठी की सापासाठी, ते त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात दिसलं, गोवरी ढासळून शेपटीचा वीतभर तुकडा बाहेर लोंबतोय. काडीनं ओढून उलटा केला. मण्यारीच्या शेपटीखाली एकेक सबंध खवला असतो, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखा. इथं प्रत्येक खवला मधोमध दुभागलेला. दोन रांगा, वेणीसारख्या, शेवटपर्यंत. दहादा बघितलं. कवड्याच.

जन्मात पहिल्यांदा सापाचा स्वच्छ फोटो निघाला, तोही मीच काढला. मेव्हण्यानं तो डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, "चांगलंय, तरी चोवीस तास इथंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर मामा खाटेवर उशीला टेकून बसलेले, भोवती आठ-दहा पाहुणे, उशाशी केळ्यांचे घड. अंगठ्याला पट्टी एवढी, की त्यात आख्खं मनगट मावावं.

"मण्यारीचं इष पचवलं गड्यानं," एक म्हातारे कौतुकानं म्हणत होते.

सासूबाई म्हणाल्या, "येळेवर जाळला म्हून उतरलं."

मी मोबाइल काढला, शेपटीचा फोटो मोठा केला, खवले दाखवत म्हणालो, "मामी, मण्यार नव्हतीच. कवड्या होता. त्याला मारायचंही काम नव्हतं आणि जाळायचंही."

एक पाहुणा पिशवी उचलून उठायला लागला.

मामांनी मला जवळ ओढलं, कानाशी आले. "जावई, तुमचं खरंय. मला कालच वाटलं होतं. पण कवड्या म्हणू नका, अजून तीन गावची माणसं यायची हायेत."

मग मोठ्यानं म्हणाले, "जावयाला केळं द्या रे. सापाच्या मागं फिरून दमलाय."

मी मोबाइल खिशात घातला आणि केळं सोललं.