एक वाजताचा निरोप

आमचे सर वारले आणि कारखान्याचं सगळं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. कराडजवळचा आमचा साखर कारखाना. कुणाच्या उसाला तोड कधी, हे शेतकऱ्यांच्या मोबाईलवर कळवणारा जावा प्रोग्राम सरांनीच लिहिलेला. सर फौजेतल्या सिग्नल दलातून, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या तुकडीतून, निवृत्त झालेले. नवा प्रोग्राम बांधून सर्व्हरवर चढवायच्या, म्हणजे डिप्लॉय करायच्या आधी ते सर्व्हरच्या कपाटापुढं नारळ फोडायचे. मी नाक मुरडायचे.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटीनं डिप्लॉय केलं. नारळ मुद्दामच फोडला नाही. दुपारचा एक वाजला होता. पाच मिनिटांत कारखान्याच्या कॉलनीतून काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"ह्यांचा मेसेज आलाय. उशीर हुईल, तू जेवून घे म्हणत्यात. कुठं हायती?"

बघते म्हणून मी फोन ठेवला. बांधलेली फाईल मी दोनदा उलगडून पाहिली, तिच्यात तसलं काही नव्हतं. दोन दिवस डोकं फोडल्यावर सर्व्हरच्या सामायिक फोल्डरात सरांनी ठेवलेली एक जार सापडली. जार म्हणजे प्रोग्रामची बांधलेली पुरचुंडीच. काहीही डिप्लॉय झालं की ती आधी जागी व्हायची आणि काकूंना निरोप धाडायची. या कामात सरांना कायम उशीर व्हायचा, आणि ते जेवल्याशिवाय काकू जेवायच्या नाहीत.

मी काकूंना सगळं सांगितलं आणि ती काढून टाकते म्हणाले.

"नगं काढू, पोरी," काकू म्हणाल्या. "हे गेल्यापास्नं दुपारचा घास उतरत न्हाई. त्या दिवशी उतरला."

झालं. मग मी रोज एकला तीच फाईल, काही न बदलता, पुन्हा डिप्लॉय करू लागले. लोक जेवायला गेले की मी खोलीत एकटी. मेलेल्या माणसाला आपण रोज जागं करतोय असं वाटायचं. तरी करायचे. काकूंचं वजन जरा भरलं होतं.

मग नवा सर्व्हर आला, तो थेट कारखान्याच्या सांगलीतल्या कार्यालयात. जुना बंद करायचा हुकूम निघाला. सरांची जार मी माझ्या हातानं नव्या फाईलमध्ये बांधली. जुन्या सर्व्हरचा प्लग स्वतः उपटला. या खेपेला नारळही फोडला. एक वाजता माझ्या टेबलावरून सांगलीच्या सर्व्हरवर डिप्लॉय केलं आणि फोनची वाट बघत बसले.

काकूंचा फोन आला. म्हणाल्या, आज दोन मेसेज आलेत. मी निरोप एकच बांधला होता. जुन्या सर्व्हरची वायर माझ्या पायाशी लोळत होती.

"दुसऱ्यात काय हाय, काकू?"

"पोरीलाबी जेवायला सांग, म्हणत्यात."

माझा डबा सकाळपासून तसाच पडला होता. तो निरोप खरंच आला की काकूंनी रचला, हे बघायला त्यांचा मोबाईल मी आजवर मागितलेला नाही. त्या दिवशी मी डबा उघडला आणि रडत रडत सगळा संपवला.