बाबांना कळलेला रोबोटचा खेळ

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मी आणि माझी डोंबिवलीची मैत्रीण ठाण्यातल्या एका रोबोट स्पर्धेत उतरलो. नव्वदचं दशक संपत आलेलं. आमचा रोबोट म्हणजे प्लायवूडचा तुकडा, चार चाकं, भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटारी आणि चेंडू उचलायला पुढे पत्र्याचं सुपडं. मागून लांब वायर निघायची, तिच्या टोकाला बटणांचा डबा.

सराव आमच्या वर्तकनगरच्या घरी चालायचा. बाबा तरुणपणी कबड्डी खेळलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यात बाद कधी होतात?"

"कोणी बाद होत नाही, बाबा."

"मग कसला खेळ?"

मैत्रिणीने खडूने फरशीवर मैदान आखलं. "काका, मधे चेंडू. समोरासमोर दोन संघांची घरं. चेंडू आपल्या खड्ड्यात टाकला की एक गुण. ही चढण चढून वरच्या टोपलीत टाकला की तीन. रोबोट अडकला आणि हाताने सोडवला, तर दोन वजा. तीन मिनिटांनी शिट्टी. तेव्हा चारही चाकं आपल्या घरात असली तर आणखी दोन."

"म्हणजे दम सुटायच्या आत घरी यायचं," बाबा म्हणाले. "हे आधी सांगायचं ना."

मग तेच आमचे प्रतिस्पर्धी झाले. गुडघ्यांवर बसून रिकामा बिस्किटांचा डबा ढकलत ते चेंडू पळवायचे आणि आमच्या वाटेत आडवे यायचे. आई घड्याळ धरून खुर्चीत बसायची.

"तुमचा हात लागला. दोन वजा," ती एकदा म्हणाली.

"अगं, हात न लावता डबा चालवू कसा?"

"ते मला नका सांगू."

स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. समोर कल्याणची दोन मुलं. सहा-सहा गुण झालेले, आणि शेवटच्या मिनिटात आमच्या चाकाखाली चेंडू अडकला. मोटार नुसती घुरघुरत राहिली. तोवर त्या मुलांचा रोबोट आपल्या घरात जाऊन थांबलासुद्धा. म्हणजे त्यांचे आठ नक्की.

"लावू हात?" मैत्रिणीने विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं. तिने चेंडू काढून बाजूला ठेवला. आमचे चार झाले. सुपड्यात एक चेंडू होता, तो घेऊन मी रोबोट चढणीवर घातला. चेंडू टोपलीत पडला. सात. आता घर गाठलं असतं तर नऊ. मी रोबोट वळवला, पुढची दोन चाकं रेषेच्या आत गेली आणि शिट्टी वाजली.

एका गुणाने हरलो. मैत्रीण वायर गुंडाळता गुंडाळता रडायला लागली. बाबा प्रेक्षकांतून उतरले, आधी त्या मुलांकडे गेले, त्यांच्या पाठी थोपटल्या आणि मग आमच्याकडे आले.

"मी असतो तर हात लावला नसता," ते म्हणाले. "दोन गुण जातात म्हणून घाबरलो असतो. तुम्ही लावलात ते बरोबर केलंत."

मैत्रिणीने डोळे पुसले. "काका, पण हरलो ना."

"हरलात तर. पण शेवटपर्यंत मला जागेवर बसू दिलं नाहीत."

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला उसळपाव खायला घातला. स्पर्धा बघायला आलेली आईही शेजारी बसली होती. तिचं म्हणणं, शिट्टी जरा लवकरच वाजली.