पंधरा जणांचं मौन

आमच्या गावकीत पूर्वी झकास नियम होता. ठरावाला विरोध असेल त्याने उभं राहून बोलायचं, हवा तितका वेळ. तो बसला की हात वर. निम्म्याहून एक जास्त झाला की ठराव पास. विहिरीकडच्या पायवाटेविरुद्ध एक निवृत्त तलाठी दुपारच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत बोलले. मध्येच स्वतःच्या मुंजीत शिरले, जेवून बाहेर आले. शेवटी गुडघे हरले आणि पायवाट झाली. त्यांची नक्कल मी अजून करतो, पाणी मागण्यासकट.

तेव्हा मात्र मी वैतागलो होतो. पुढच्या सभेत मीच सुधारणा मांडली: भाषणं बंद, पण विरोधकांवर अन्याय नको म्हणून गावकीच्या जागेचा कुठलाही ठराव तीन चतुर्थांश हातांशिवाय होणार नाही. टाळ्या पडल्या. मी नटासारखा वाकून नमस्कार केला.

यंदा किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेचा प्रश्न आला. तिथे एक कोळीण मावशी बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळवते. त्यावर तिचं घर चालतं. पर्यटकांना खोल्या देणारे तिथे गाड्या लावायला लागले. जागा वाळवणासाठीच ठेवावी, असा ठराव मी मांडला. सभेला अठ्ठेचाळीस जण होते. तेहतीस हात वर झाले. तीन कमी पडले.

उरलेले पंधरा मांडीवर हात ठेवून बसले होते. एक जण मोबाइलवर बुकिंग बघत होता.

"विरोध का, ते तरी सांगा," मी म्हणालो.

"सांगायला लागतं असं नियमात न्हाय," बुकिंगवाला मान वर न करता म्हणाला. "नियम तुमचाच हाय ना, भाऊ?"

सगळे हसले. वाक्य चांगलंच होतं, एरवी मीही हसलो असतो.

"मग नियमच बदला."

"त्यालाही तीन चतुर्थांश हात लागतात," अध्यक्ष म्हणाले. "ते कलमही तुम्हीच घातलंय."

माझ्या अंगाची आग झाली. तलाठ्यांनी अडवलं ते स्वतःच्या पायांवर उभं राहून. त्यांच्या बोलण्यात खोट सापडायची, भांडता यायचं. या पंधरांशी कशावर भांडू?

मावशी बाहेर पायरीवर बसली होती.

"किती झाले?"

"आपले तेहतीस, त्यांचे पंधरा."

"म्हंजे जिंकलो."

तेहतीस पंधरापेक्षा कमी कसे, हे मी तिला समजावलं. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत असं खोटं गणित कधी शिकवलं नव्हतं.

"माझ्या तोंडावर एकालाबी बोलता आलं न्हाय?" तिने विचारलं आणि टोपली उचलून चालू लागली.

शनिवारी वलांड्या निघाल्या, गाड्या लागल्या. आता मी रोज संध्याकाळी त्या पंधरांपैकी एकाच्या अंगणात जाऊन बसतो आणि कारण विचारतो. चहा सगळे देतात.